डिरेल, साइडट्रॅक, पर्टर्ब : काम वाकड्यात गेलं हे इंग्रजीत नेमकं कसं लिहायचं?

रिसर्च प्रपोजलमधलं सगळ्यात आशावादी पान कुठलं? टाइमलाइनचं. पहिले सहा महिने लिटरेचर सर्व्हे, मग सिंथेसिस, मग कॅरेक्टरायझेशन, सगळं एकाखाली एक रंगीत पट्ट्यांमध्ये. प्रत्यक्षात काय होतं हे लॅबमध्ये आलात की कळेलच. पण त्यानंतर एक काम उरतं, ज्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. जे झालं ते प्रोग्रेस रिपोर्टमध्ये इंग्रजीत लिहावं लागतं, आणि मराठीतल्या ‘बेत फिसकटला’ या एका वाक्यासाठी इंग्रजीत डझनभर शब्द आहेत. ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरचं उदाहरण घ्या. दुसऱ्या वर्षात रमन स्पेक्ट्रोमीटरचा लेझर गेला, मशीन चार महिने बंद. तेवढ्यात तिनं सॅम्पल्स बनवण्याचं पुढचं काम उरकून घेतलं होतं. रिपोर्टमध्ये मात्र लिहिलं, ‘द वर्क वॉज डिरेल्ड’. कमिटीतल्या एका सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मग आता विषय बदलायचा का?” पुढची वीस मिनिटं त्यातच गेली आणि जेआरएफवरून एसआरएफ करायचा निर्णय पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. २०२३ पासूनच्या दरानं महिन्याला ३७,००० आणि ४२,००० यांतला हा फरक आहे. हॉस्टेलवर राहणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो.

सरांचं काही चुकलं नव्हतं. डिरेल हा रेल्वेतूनच आलेला शब्द. चाकं रुळावरून उतरली, आता क्रेन येईपर्यंत गाडी हलणार नाही, असं चित्र त्यात आहे. साइडट्रॅकही रेल्वेचाच, पण त्यातली गाडी धडधाकट असते. एक्सप्रेसला वाट द्यायला पॅसेंजर बाजूच्या लाइनीवर काढून ठेवतात ना, तसं. तुम्ही तीन महिने मुख्य प्रश्न सोडून दुसऱ्याच कोडिंगमध्ये रमलात, तर तुम्ही साइडट्रॅक झालात. ज्युनिअरच्या बाबतीत यातलं काहीच झालं नव्हतं. एक टप्पा लांबला होता, बाकी काम चालू होतं. त्यासाठी साधा ‘डिलेड’ पुरेसा होता. साध्या शब्दाची आपल्याला उगाच लाज वाटते.

वेग कमी झाला पण काम थांबलं नाही, तर ‘हॅम्पर’ किंवा ‘इम्पीड’. इम्पीडचं मूळ मजेशीर आहे. लॅटिनमध्ये ‘पेस, पेडिस’ म्हणजे पाय, आणि ‘इम्पेडिरे’ म्हणजे पाय अडकवणं. आपला ‘खोडा घालणे’ अगदी हाच! खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. उलट ‘एक्स्पेडाइट’ म्हणजे मुळात पाय मोकळे करणं. ऑलिव्हर हेविसाइडनं १८८६ मध्ये विजेसाठी ‘इम्पीडन्स’ हा शब्द काढला. इम्पीडन्स असला तरी करंट वाहतोच, फक्त कमी वाहतो. रिपोर्टमध्येही इम्पीडचा अर्थ असाच धरून चाला.

‘थ्वॉर्ट’ जरा जपून. याच्या मुळाशी जुन्या नॉर्स भाषेतला ‘आडवा’ या अर्थाचा शब्द आहे, म्हणजे आपलं ‘आडवं येणं’. पण थ्वॉर्टमध्ये दोन गोष्टी ध्वनित होतात : प्रयत्न फसलाच, आणि बहुतेक कुणीतरी तो फसवला. पावसाळ्यातल्या दमट हवेनं तुमचं पावडर सॅम्पल पाणी शोषत असेल, तर हवेचं तुमच्याशी काही वैर नाही. तिथे ‘हॅम्पर्ड’ लिहा.

‘स्टायमी’ गोल्फमधला. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू बरोबर तुमच्या चेंडूच्या आणि भोकाच्या मध्ये येऊन थांबला की त्याला स्टायमी म्हणत. तो उचलायला लावायची सहसा सोय नव्हती, त्यामुळे वरून किंवा वळसा घालून मारावं लागे. १९५२ पासून हा नियमच गेला, शब्द मागे राहिला. भोक समोर दिसतंय, पण रेषा अडली आहे. एथिक्स कमिटीची परवानगी अडकून पडली की नेमकं असंच होतं.

‘डिसरप्ट’बद्दल थोडक्यात : मूळ लॅटिन धातू तोडण्याचा, इंटरप्ट आणि रप्चरमध्येही तोच. २०२० च्या लॉकडाऊनसाठी हा शब्द चपखल. पण १९९५ च्या एका लेखातून क्लेटन ख्रिस्टेन्सन आणि जोसेफ बोअर यांनी ‘डिसरप्टिव्ह टेक्नॉलॉजी’ ही कल्पना मांडली आणि पुढे स्टार्टअपवाल्यांनी तो कौतुकाचा शब्द करून टाकला. स्वतःच्या मेथडला डिसरप्टिव्ह म्हणण्याआधी रिव्ह्यूअरचा चेहरा डोळ्यांसमोर आणा.

आता माझा आवडता शब्द, ‘पर्टर्ब’. लॅटिन ‘टुर्बा’ म्हणजे गर्दी, गोंधळ. टर्ब्युलन्स आणि डिस्टर्बही त्यातूनच आले. पण विज्ञानात पर्टर्बेशन म्हणजे गोंधळ नव्हे. मुख्य चाल कायम आहे, तिच्यात एक छोटा, मोजता येणारा फरक पडला आहे, एवढाच त्याचा अर्थ. युरेनस सापडला १७८१ मध्ये. पुढच्या काही दशकांत लक्षात आलं की तो गणितानं सांगितलेल्या जागी नेमका नसतो. आता याला काय म्हणायचं? न्यूटनचा नियम डिरेल झाला? ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञानं ते पर्टर्बेशन मानलं. म्हणजे कुणीतरी न दिसणारा ग्रह त्याला ओढतोय. त्यानं त्या ग्रहाची जागा काढली, बर्लिनला कळवली, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री गाले यांना सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

गोष्ट इथेच संपवली तर फार गोड होते. त्याच ल व्हेरिएनं १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतल्या फरकालाही हेच उत्तर लावलं. सूर्याजवळ आणखी काहीतरी दडलं असणार, असं त्याचं म्हणणं. त्या ग्रहाला ‘व्हल्कन’ हे नावही पडलं. तो कधीच सापडला नाही, कारण नव्हताच. शंभर वर्षांत जेमतेम ४३ आर्कसेकंदांचा तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतावादानं सुटला. दोन्ही वेळा ग्रह थोडासाच ढळलेला. एकदा ग्रहांची यादी अपुरी निघाली, दुसऱ्यांदा नियमच अपुरा निघाला. म्हणून तुमचा डेटा मॉडेलपासून किंचित सरकला असेल तर ‘रिझल्ट्स वेअर डिस्टर्ब्ड’ असं मोघम लिहू नका. किती सरकला, कुठल्या दिशेला, दर वेळी तसाच सरकतो का, ते लिहा.

‘डिव्हिएट’मध्ये नुसती वाट सुटणं आहे (व्हिया म्हणजे रस्ता), दोष कुणाचाच नाही. स्टँडर्ड डिव्हिएशनमध्ये कुठे कुणाला रागावलेलं असतं? क्लिनिकल ट्रायलमध्ये मात्र ‘प्रोटोकॉल डिव्हिएशन’ ही औपचारिक संज्ञा आहे, नोंद करावी लागते. त्या क्षेत्रात जाणार असाल तर हा शब्द सहज म्हणून वापरू नका. जाता जाता, नांगराचं तास सोडून भरकटणं यावरूनही लॅटिनमध्ये एक शब्द आहे, लिरा म्हणजे तास. त्यातून आला ‘डेलिरियम’. थिसिसच्या शेवटच्या महिन्यात पटतो.

माणसं गडबडतात तेव्हाचे शब्द वेगळे. ‘फेझ’ म्हणजे विचलित करणं, स्पेलिंग एफ-ए-झेड-ई. टप्पा किंवा कला या अर्थाचा पी-एचवाला फेज वेगळा, आणि एसओपीमध्ये ‘अनफेझ्ड’ लिहिताना स्पेलचेक तुम्हाला वाचवेलच असं नाही. ‘नॉनप्लस्ड’ तर टाळाच. मूळ अर्थ ‘याच्यापुढे काही सुचेना’, म्हणजे पार भांबावलेला. पण अमेरिकेत बरेच जण तो ‘ढिम्म, काही फरक न पडलेला’ अशा उलट अर्थानं वापरतात. ‘प्रयोग फसल्यावर मी नॉनप्लस्ड होतो’ हे वाचून प्रोफेसर तुम्हाला खंबीर समजतील की घाबरट, हे ते कुठे शिकले यावर ठरेल.

आणि ‘डिसकॉम्बॉब्युलेटेड’? लॅटिनचा आव आणणारा हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन गमतीचा शब्द. मिलवॉकीच्या विमानतळावर सिक्युरिटी चेकनंतर बूट-बेल्ट परत घालायच्या जागेला ‘रिकॉम्बॉब्युलेशन एरिया’ अशी पाटीच लावली आहे. थिसिसमध्ये चालणार नाही. ॲक्नॉलेजमेंटच्या पानावर, गाइडची विनोदबुद्धी बघून.