गावाची शीव, शहराची हद्द

थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत ‘निफाड गारठले’ अशी बातमी हमखास येते. तो पारा मोजलेला असतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’ हे शेतकऱ्यांच्या ओळखीचे वाणही इथलेच, आणि त्यांच्या क्रमांकाआधी निफाडची आद्याक्षरे लागतात. नाव निफाडचे, शिवार कुंदेवाडीचे. कारभार मात्र वेगळा: निफाडला २०१५ पासून नगरपंचायत, कुंदेवाडीला ग्रामपंचायत.

निफाड तालुका झपाट्याने शहरी होतो आहे. ओझर आणि पिंपळगाव बसवंत ही कालपर्यंतची मोठी खेडी आज नगरपरिषदा आहेत. पश्चिमेकडून नाशिक सरकते आहे. आग्रा रस्त्याने महापालिकेतले आडगाव मागे पडले की थोड्याच अंतरावर ओझर लागते. गाव वाढले की हद्दही वाढवावी, हा विचार ओघाने येतोच. पण शीव सरकली की शिवेवरच्या माणसाचे नेमके काय बदलते, हे त्याला आधी कोणी समजावून सांगत नाही.

पहिला बदल मताचा. नगरपंचायतीत गेलेल्या गावाला जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी मतदान उरत नाही. त्याहून मोठा बदल म्हणजे ग्रामसभा संपते. प्रजासत्ताकदिनी किंवा स्वातंत्र्यदिनी चावडीपुढे उभे राहून ‘पाइपलाइनचे पैसे कुठे गेले?’ असे विचारण्याचा हक्क प्रत्येक प्रौढाला असतो. नगरपंचायतीत सतरा नगरसेवक बोलतात, बाकीचे अर्ज देतात. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद राज्याने २००९ मध्ये केली, पण ती कागदावरून फारशी खाली उतरली नाही. मला हे नुकसान घरपट्टीपेक्षा मोठे वाटते.

घरपट्टीचा प्रश्नही लहान नाही. निफाडकडची निम्मी वस्ती मळ्यांत विखुरलेली. द्राक्षबागेच्या कडेला घर, शेजारी गोठा, पलीकडे कांदाचाळ. हद्दीत आल्यावर बांधकामाची परवानगी नगरपंचायतीकडे मागायची, विकास आराखड्यातले आरक्षण आपल्या गटावर पडले का ते पाहायचे. घरपट्टी भरूनही दिवाबत्ती आणि गटार मळ्यापर्यंत कधी पोहोचेल, हे मात्र अनिश्चित. ग्रामीण घरकुल आणि केंद्राची ग्रामीण रोजगार हमी या योजनाही गावाबरोबरच मागे राहतात.

आणखी एक गोष्ट बांधावर क्वचितच बोलली जाते. प्राप्तिकर कायद्यानुसार दहा हजार किंवा अधिक लोकवस्तीच्या नगरपालिका क्षेत्रातली शेतजमीन ही भांडवली मालमत्ता ठरते, म्हणजे ती विकून झालेल्या नफ्यावर कर लागू होतो. लोकसंख्या एक लाखापर्यंत असेल तर हद्दीबाहेरचा २ किलोमीटरचा पट्टाही त्यात येतो, आणि हे अंतर सरळ रेषेत मोजतात. हद्द पुढे सरकली की हा पट्टाही पुढे सरकतो. ज्यांच्या गावाचा हद्दवाढीत उल्लेखही नाही, अशांच्या सातबाऱ्यावर तो जाऊन बसतो.

पुढे काय होऊ शकते, हे पाहायला फार लांब जायला नको. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची वीसहून अधिक खेडी एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महापालिका झाली. त्यातल्या मखमलाबादेत पस्तीसहून अधिक वर्षांनी हरितक्षेत्र विकासाची नगररचना योजना आली, तेव्हा शेतकरी विरोधात उभे राहिले, कारण तिथे अजून शेती जिवंत होती. कल्याण-डोंबिवलीची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर आली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीत शहराची हद्द येण्याच्या कितीतरी आधी शहराचा कचरा आला. २०१७ मध्ये ही गावे महापालिकेत गेली; २०२४ मध्ये त्यांना बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषदेचा निर्णय झाला. ज्या गावांना आत घेताना नीट विचारले नाही, त्यांना पुढे बाहेर काढण्याची वेळ आली, असा या इतिहासाचा मी अर्थ लावतो.

शहराची बाजू मला मान्य आहे. वस्ती हद्दीबाहेर वाढते, रस्ते आणि बाजार शहराचे वापरते, सांडपाणी ओढ्यात सोडते. कुणीतरी त्याचा हिशेब ठेवायलाच हवा. पण त्यासाठी दरवेळी शीव पुसावी लागत नाही. आपल्याच तालुक्यात लासलगाव-विंचूरसह सोळा गावे नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर एक संयुक्त योजना चालवतात. तिच्या दुरुस्तीच्या आणि थकबाकीच्या तक्रारी आहेतच, तरी सोळा ग्रामपंचायती शाबूत ठेवून एक पाणी वाटता येते, एवढे तिने दाखवले. कचरा आणि सांडपाण्यालाही हाच मार्ग आधी लावून पाहावा.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. इंग्लंड आणि हिंदुस्थानातील स्थानिक कारभाराची तुलना करणारा त्यांचा निबंध त्यांच्या अर्थशास्त्रीय निबंधसंग्रहात आहे. त्याच इंग्लंडच्या ग्रामीण भागात पॅरिश कौन्सिल हा सर्वांत खालचा थर मोठ्या जिल्हा कौन्सिलखाली आजही टिकून आहे. आपल्याकडे शहर आले की खालचा थर संपतो. रानड्यांच्या गावाने तरी हे वेगळ्या रीतीने करावे.

हद्दवाढीचा मसुदा निघाला की हरकतींसाठी मुदत असते, आणि ती थोडी असते. कुंदेवाडी, शिवडी, उगाव, कोठुरे इथल्या वाचकांना माझी विनंती आहे: मसुद्याची वाट पाहू नका. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, महिला ग्रामसभेतही घ्या. पाणी, कर, आरक्षण आणि मळ्यांच्या रस्त्यांबाबत गावाच्या अटी ठरावात लिहून ठेवा, आणि ठरावाची प्रत स्वतःच्या घरी जपा.