नमुना नको, नजर हवी!

दिवाळीची साफसफाई काढली की एक गाठोडं हमखास निघतं. विरलेल्या साड्या, मुलींचे आखूड झालेले फ्रॉक, यजमानांचे कॉलर गेलेले शर्ट. टाकवत नाही आणि ठेवायला जागाही नाही! मग ते बोहारणीला जातं आणि बदल्यात एखादं स्टीलचं पातेलं येतं.

पूर्वी याच गाठोड्यातून गोधडी व्हायची. कुठे तिला वाकळ म्हणतात. आजही ती शिवावी असं अनेकींना वाटतं, पण घोडं एकाच ठिकाणी अडतं. ‘तुकडे एकसारखे नाहीत, आणि मला डिझाइन कुठे येतं?’ मैत्रिणींनो, गोधडीला आधी डिझाइन लागतच नाही. हातातला तुकडाच पुढचा तुकडा सुचवतो.

शेजारच्या कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी बायकांची ‘कवंदी’ बघा. यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यातल्या अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. कवंदीला ना कागदावर आखणी, ना मोजपट्टी. खाली जुनी साडी अंथरायची आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. तुकड्याची कड आत दुमडून धावदोऱ्याने शिवत कडेकडेने पुढे सरकायचं. एक फेरा संपला की त्याच्या आतला, असं करत मध्यापर्यंत यायचं. तुकडे जोडणं आणि थर शिवणं, दोन्ही कामं एकदमच होतात. कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, ती ‘फुलं’. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

अशीच गोष्ट दूर अमेरिकेतली. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं छोटं गाव आहे. कापसाच्या मळ्यात राबलेल्या गुलामांचे वंशज तिथे राहतात. गरिबी इतकी, की शेतात घालून फाटलेल्या कपड्यांच्याच गोधड्या व्हायच्या. तिथल्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये आपल्या दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्यांची आठवण पांघरता यावी म्हणून! ज्यांना कुणी चिंध्या म्हटलं असतं, त्या या गावच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटंही निघाली.

या बायका शिकल्या कुठे? आई-आजीकडे आणि एकमेकींकडे. गोधड्या बाहेर दोरीवर घातल्या की येता-जाता बाकीच्या बघायच्या, मनात एखादी कल्पना धरायच्या आणि घरी जाऊन आपल्या पद्धतीने शिवायच्या.

आपल्याकडेही गच्चीवर, कठड्यावर गोधड्या उन्हात पडतातच की! पुढच्या वेळी जरा थांबून बघा. गडद रंग तिने कुठे ठेवलाय? लाल तुकडा एकच का लावलाय? टाके सरळ ओळीत आहेत की चौकोनात फिरलेत? कल्पना खुशाल घ्या. नक्कल करायची म्हटली तरी होणार नाही, कारण तिच्या घरातले कपडे तुमच्या घरात नाहीत.

सुरुवात बाळाच्या दुपट्यापासून करा. कपडा सुती आणि धुतलेला घ्या. नायलॉन, जॉर्जेट सुईखाली सरकतं, ते नकोच. थर जमिनीवर ताणून अंथरा, कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवा आणि आधी मोठे कच्चे टाके घाला. नाहीतर मध्ये चुण्या पडतात. तुकडा वेडावाकडा असला तर कापून सरळ करू नका, शेजारी दुसरा तिरका लावून बघा.

आणि हो, कुणाकडून गोधडी शिवून घेतलीत तर ‘जुन्याच तर कपड्यांची आहे’ म्हणून घासाघीस करू नका. कपडे जुने असतील, पण दिवस-दिवस मान मोडून घातलेले टाके तिचे आहेत.

आपल्या आज्यांनी कितीतरी गोधड्या शिवल्या, पण कुठलीवर कुणाचा हात फिरलाय, हे आज सांगता येत नाही. तुमची पुरी झाली की मागच्या बाजूला, एका कोपऱ्यात, आपलं नाव आणि साल दोऱ्याने जरूर घाला.