रोज बुडू न देता

पहाटे ५. ऑगस्टचा महिना, सोयाबीन फुलावर आलेलं, निंदणाची घाई. वाशीम तालुक्यातल्या या खेड्यात आशाताईंचा, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेचा, स्वयंपाक अंधारातच उरकतो. दहानंतर गावात म्हातारी माणसं आणि लेकरंच उरतात. घरभेटी त्याआधी नाहीतर दिवेलागणीनंतर.

सकाळी ७. बाळंतिणीचं घर, बाळाचा सातवा दिवस. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जायचंच. वजन, ताप, मग पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचा. ६० किंवा जास्त भरला, तर तडक दवाखाना. आज ४४.

साडेनऊ. निंदणाला निघालेल्या बाया ऑटोची वाट बघताहेत. त्यांत एक पाचव्या महिन्यातली.

"लोहाच्या गोया घेतं का वं?"

"घेतो ना ताई, पण मळमळते."

"जेवल्यावर घे. चहासंगं नको. अन् उद्या तपासणीले ये."

"रोज बुडते ना माहा!"

याला निष्काळजीपणा म्हणणं मला पटत नाही. दिवसाची मजुरी सोडून रांगेत बसणं तिला परवडत नाही, एवढंच. ताई तिला बाजूला घेऊन लघवीला जळजळ होते का, ते विचारतात. होते. शेतात आडोसा नाही, म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. संध्याकाळपर्यंत वाकून काम, वर उमस. हे दुखणं कामातूनच येतं, नुसत्या गोळीनं ते कसं थांबेल? आज तपासणीची चिठ्ठी देऊन ताई तिच्या मुकादमिणीशीही बोलतात: पाण्याची कॅन आणि बांधावर साडीचा आडोसा.

दुपारी १२. धुऱ्यावर एक पोरगा उघड्या हातांनी फवारतोय. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक जीव गेले. ताई त्याला वाऱ्याकडे पाठ करायला लावतात. साबणानं अंग धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, असं बजावतात.

४ वाजता अंगणवाडी, लसीकरणाची यादी.

रात्री ८. माणसं घरी आलेली, आता तिशीपुढच्यांचे आरोग्य तपासणीचे फॉर्म. २००५च्या ग्रामीण आरोग्य योजनेत आशा ही स्वयंसेविका, मोबदला कामागणिक. मोकळ्या दिवशी ताईही निंदणाला जातात, म्हणून ऑटोजवळचं उत्तर त्यांना नवं नाही. महिन्याच्या बैठकीसाठी त्यांनी वहीत लिहिलंय: हंगामात गरोदर बायांची तपासणी संध्याकाळी ६ नंतर घ्यावी.