हिशोबाची किल्ली कोणाच्या हातात?

वऱ्हाडातल्या कापड व्यापाऱ्याला वहीचे महत्त्व सांगावे लागत नाही. आम्ही अमरावतीत सुरत, मालेगाव, भिवंडीचा माल घेतो आणि अकोल्यापर्यंतच्या दुकानांना उधारीवर पाठवतो. ही येणी म्हणजेच आमचे भांडवल. पूर्वी ती लाल वहीत असत, आज संगणकात असतात. फरक इतकाच की लाल वही कोणत्याही मुनीमजींना वाचता येई.

हा फरक आम्हाला महागात पडला. हिशोबाचा एक प्रोग्राम आम्ही रोख पैसे देऊन घेतला होता. बनवणाऱ्याने धंदा बंद केला. पुढे संगणक बदलला, तर प्रोग्राम नव्या यंत्रावर चालेना. आकडे होते, पण ते उघडण्याची रीत फक्त बनवणाऱ्यालाच ठाऊक! जुन्या बिलांवरून खाती पुन्हा लिहावी लागली. काही येणी बुडालीच.

म्हणून 'ओपन सोर्स' ही काय चीज आहे, ते व्यापारी बांधवांनी समजून घ्यावे. शिवलेला कुर्ता विकत मिळतो, पण त्याचा कागदी फर्मा शिंपी देत नाही. ओपन सोर्समध्ये कुर्त्यासोबत फर्माही मिळतो. प्रोग्रामची मूळ लिखावट, म्हणजे सोर्स कोड, खुली असते. ती कोणीही वाचावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली हा विचार मांडला. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स सुरू केले. आज क्लाउडचा, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या दूरच्या संगणकांचा, मोठा कारभार लिनक्सवरच चालतो. रोबोट बनवणारेही 'आरओएस' नावाची खुली पॅकेजेस वापरतात.

आपल्या कामाचे उदाहरण मुंबईतच आहे. ऋषभ मेहता यांच्या फ्रॅपे कंपनीचे 'ईआरपीनेक्स्ट' खरेदी-विक्री, साठा आणि जमाखर्च सांभाळते आणि त्याचा कोड खुला आहे. जीएसटीसाठी वेगळे खुले पॅकेज त्याला जोडता येते. थानांचा हिशोब मीटरवर आणि तयार कपड्यांचा साइज-रंगावर ठेवायचा असेल, तर तशी जोडणी अमरावती-अकोल्याचा जाणकार मुलगाही करू शकतो. तो मुलगा उद्या पुण्याला गेला तरी दुसरा ते काम पुढे नेईल. दुकान अडून राहत नाही.

मात्र एक गैरसमज नको. खुले म्हणजे बिनखर्चाचे नव्हे. क्लाउडचे भाडे, बसवणाऱ्याची मजुरी आणि रोजची बॅकअप प्रत यांचा खर्च येतोच. बॅकअपकडे दुर्लक्ष केले, तर खुला कोडही गेलेले आकडे परत आणू शकत नाही.

आपल्या मुलांसाठीही यात रोजगार आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स, पायथन यांचे धडे मराठीतही विनामूल्य मिळतात. ईआरपीनेक्स्ट याच पायथनमध्ये लिहिलेले आहे.

यापुढे कोणताही प्रोग्राम घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. आमचे सर्व आकडे साध्या फाइलीत बाहेर काढता येतात का? सोर्स कोड मिळेल का? तुम्ही नसाल तेव्हा दुरुस्ती कोण करील? उत्तरे लेखी घ्यावीत आणि मगच पैसे मोजावेत. आम्ही हे प्रश्न विचारले नव्हते.