भिंत आणि दुवा
कंपनीतले संशोधन आणि अभियांत्रिकी यांच्यामधल्या अंतराविषयी

१९९० च्या दशकात मी पिंपरी-चिंचवड परिसरात पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये नोकरी करत होतो. संशोधन विभाग नव्या इमारतीत होता आणि फाउंड्री जुन्या शेडमध्ये. दोन्हींत फार तर दोनशे पावलांचे अंतर. संशोधन विभागातल्या माझ्या एका सहकाऱ्याने पंपाच्या इंपेलरची नवी रचना केली. पात्यांचा बाक बदलल्यामुळे तेवढ्याच विजेत जास्त पाणी चढत होते, आणि हे त्याने हाताने घडवलेल्या एका नमुन्यावर दाखवूनही दिले होते. ड्रॉइंग फाउंड्रीकडे गेले. तिथून शेरा आला, 'ओतकाम शक्य नाही.' इकडून उत्तर गेले, 'कारण कळवावे.' असा पत्रव्यवहार आठ महिने चालला. प्रत्येक कागद दोन्हीकडच्या मॅनेजरांच्या सहीने जाई आणि त्यांच्या टेबलावर आठवडा आठवडा पडून राही. शेवटी प्रकल्प बंद झाला आणि सहकारी नोकरी सोडून गेला. दोनेक वर्षांनी जेवणाच्या सुट्टीत फाउंड्रीतले एक जुने पॅटर्नमेकर मला सहज म्हणाले, "साहेब, ती पाती टोकाला अर्धा मिलिमीटर जाड ठेवली असती तर निघाली असती. पण आम्हाला कुणी विचारलंच नाही."

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. व्यवस्थापनशास्त्र मी कुठल्या संस्थेत शिकलो नाही. मिळतील ती पुस्तके, जुनी भाषणे आणि कंपन्यांचे इतिहास वाचत गेलो. शोधत होतो ते एवढेच, की कंपनीतला संशोधन करणारा माणूस आणि वस्तू बनवणारा माणूस यांना एकत्र ठेवावे की वेगळे? या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार झाला तो अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेत. तिथल्या एका अभियंत्याने काढलेले उत्तर साधे आहे, तरी ते आपल्याकडे फारसे परिचित नाही. ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

दोन विभाग, दोन स्वभाव

आपल्याकडे 'आर अँड डी' हा शब्द एका दमात उच्चारला जातो. त्यामुळे संशोधन आणि विकास हे एकच काम असावे असे वाटते. प्रत्यक्षात ही कामे स्वभावाने वेगळी आहेत. संशोधकाला उत्तर केव्हा मिळेल हे आधी सांगता येत नाही. त्याचे दहा प्रयोग फसले तरी अकराव्यातून काही कळले तर वर्ष सार्थकी लागते. विकास करणाऱ्या अभियंत्याला मात्र तारीख असते, खर्चाची मर्यादा असते आणि त्याचा दहावा नमुना पहिल्यासारखाच चालावा लागतो. एकदा घडणे हे संशोधकाचे यश, तर दर वेळी घडणे हे अभियंत्याचे.

म्हणून दोघांना एकाच साहेबाच्या हाताखाली, एकाच वेळापत्रकाला जुंपले की बहुधा संशोधनाचा बळी जातो. आज बंद पडलेली मशीन उद्याच्या शोधापेक्षा नेहमीच निकडीची वाटते. उलट दोघांना पूर्ण वेगळे केले तर संशोधन आपल्या खोलीत फुलत राहते आणि कारखान्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या कारखान्यात हे दुसरे घडले होते.

गरजेतून उभी राहिलेली प्रयोगशाळा

अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ, म्हणजे एटी अँड टी, या कंपनीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक अडचण भेडसावत होती. न्यूयॉर्कहून सान फ्रान्सिस्कोला बोलायचे तर तारेत आवाज विरून जाई. तो वाटेत वाढवणारे साधन हवे होते. कंपनीने पदार्थविज्ञानाचे संशोधक नेमले, ली डी फॉरेस्ट यांच्या निर्वात नळीचे हक्क विकत घेतले, त्या नळीत मूलभूत सुधारणा केल्या आणि १९१५ मध्ये खंडाच्या दोन टोकांना जोडणारी सेवा सुरू झाली. गरज कारखान्याची आणि उत्तर विज्ञानाचे, हा धडा तिथे मिळाला. १ जानेवारी १९२५ रोजी बेल लॅब्ज ही स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झाली. तिची निम्मी मालकी एटी अँड टीकडे होती आणि निम्मी उपकरणे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिककडे. म्हणजे सेवा देणारा आणि वस्तू बनवणारा असे दोन्ही पालक जन्मापासून पाठीशी होते.

या संस्थेला घडवणाऱ्यांत मर्व्हिन केली यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. शिकागोला रॉबर्ट मिलिकन यांच्या हाताखाली पदार्थविज्ञान शिकलेले केली पुढे निर्वात नळ्यांच्या विकासकामाचे प्रमुख झाले आणि १९३६ मध्ये संशोधन संचालक. दोन्ही घरचे पाणी प्यायलेला हा माणूस होता. १९५० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे भाषण करताना त्यांनी आपल्या संस्थेचे तीन भाग सांगितले. पहिला संशोधनाचा, तिसरा विकास आणि आराखड्याचा. या दोहोंच्या मध्ये त्यांनी एक गट ठेवला होता, प्रणाली अभियांत्रिकीचा. संशोधनातून आलेले नवे ज्ञान टेलिफोनच्या जाळ्यात कुठे उपयोगी पडेल, ते परवडेल का आणि कोणते काम आधी घ्यावे, हे ठरवणे या गटाचे काम. म्हणजे संशोधकाने आपला शोध स्वतः विकत फिरायचे नाही आणि अभियंत्याने उगाच नवलाईच्या मागे धावायचे नाही.

न्यू जर्सीतल्या मरे हिल येथे १९४१ मध्ये सुरू झालेली इमारतही याच विचाराने बांधलेली होती. लांबच लांब कॉरिडॉर, आणि हलवता येणाऱ्या भिंती. जेवायला जाताना रसायनशास्त्रज्ञाची गाठ गणितज्ञाशी पडावी आणि पदार्थवैज्ञानिकाची अभियंत्याशी, अशी ती रचना.

ट्रान्झिस्टरची उरलेली गोष्ट

ट्रान्झिस्टरच्या शोधाची कथा बहुतेकांना ठाऊक असते. डिसेंबर १९४७ मध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याची दोन टोके टेकवून आवाज वाढवून दाखवला. त्यांचे गटप्रमुख विल्यम शॉकली. तिघांना १९५६ चे नोबेल मिळाले. इथे कथा सहसा संपते. कंपनी चालवणाऱ्याची कथा मात्र इथून सुरू होते.

कारण त्या वेळचा ट्रान्झिस्टर अत्यंत लहरी होता. एकासारखा दुसरा निघत नसे. हवेतल्या दमटपणाने तो बिघडे. खोलीचे दार जोरात आपटले तरी त्याचे वागणे बदले, असे त्या काळचे लोक सांगत. १९४८ मध्ये केलींनी तो कारखान्यात बनवण्याजोगा करण्याचे काम जॅक मॉर्टन या अभियंत्यावर सोपवले. मॉर्टन संशोधन गटातले नव्हते. सूक्ष्मलहरींसाठी निर्वात नळी तयार करून ती उत्पादनापर्यंत नेण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

याच सुमारास संस्थेत गॉर्डन टील नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचे म्हणणे असे, की जर्मेनियमचा सगळा तुकडा एकाच अखंड स्फटिकाचा असला पाहिजे. अनेक बारीक स्फटिकांच्या तुकड्यात त्यांच्या सांध्यांवर विद्युतभार अडखळतात आणि म्हणून एक ट्रान्झिस्टर दुसऱ्यासारखा वागत नाही. शॉकलींना हे अनावश्यक वाटले. साध्या तुकड्यातून हवा तेवढा चांगला भाग कापून घेता येतो, असा त्यांचा युक्तिवाद. टील यांना या कामासाठी ना वेळ मिळाला ना जागा. जॉन लिटल या यांत्रिकी अभियंत्याशी बसमध्ये झालेल्या बोलण्यातून दोघांनी १९४८ च्या शरदात एक यंत्र उभे केले. वितळलेल्या जर्मेनियममधून बीजस्फटिक हळूहळू वर ओढून अखंड कांडी काढायची, अशी त्याची रीत. टील दिवसा नेमून दिलेले काम करत आणि रात्री हे. यंत्राला चाके होती. सकाळी ते ढकलून एका कपाटवजा खोलीत ठेवावे लागे.

टील यांना अधिकृत पाठबळ दिले ते मॉर्टननी, १९४९ मध्ये. संशोधन गटाच्या प्रमुखाला जे महत्त्वाचे वाटले नाही, ते विकास अभियंत्याला वाटले. 'दर वेळी सारखेच घडले पाहिजे' ही चिंता मॉर्टन यांचीच होती ना! पुढे टील यांच्याच स्फटिकांतून शॉकलींच्या कल्पनेतला जंक्शन ट्रान्झिस्टर तयार झाला आणि आपली चूक झाली होती हे शॉकलींनी नंतर मान्य केले. आज संगणकाच्या चिप ज्या सिलिकॉनच्या चकत्यांवर बनतात, त्या चकत्याही अखंड स्फटिकाच्याच असतात. एखादी कल्पना एका दारात अडली तर तिला दुसरे दार असावे, हे या प्रसंगातून मला उमजले. बेल लॅब्जमध्ये असे दुसरे दार त्याच कॉरिडॉरमध्ये होते.

मॉर्टन यांचा नियम

या अनुभवातून मॉर्टननी जो विचार मांडला, तो असा. दोन गटांमध्ये भिंती दोन प्रकारच्या असतात, जागेची आणि अधिकाराची. दुवेही दोन प्रकारचे, एकाच छपराखाली असणे आणि एकाच वरिष्ठाला उत्तरदायी असणे. दोन गटांमध्ये दोन्ही भिंती घातल्या तर संवाद मरतो. दोन्ही दुवे ठेवले तर बलवान गट दुबळ्याला गिळतो. म्हणून एक भिंत घालावी आणि तिच्या जोडीला एक दुवा ठेवावा.

मरे हिलमध्ये संशोधन आणि विकास यांचे वरिष्ठ वेगळे होते, म्हणून विकासाची घाई संशोधकावर लादली जात नसे. पण छप्पर एक होते, म्हणून गाठीभेटी चुकत नसत. ट्रान्झिस्टर बनवणारा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना होता शंभरेक किलोमीटरवर, पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाऊनला. तिथे अंतरही होते आणि कंपनीही वेगळी. दोन भिंती! त्यावर उपाय म्हणून बेल लॅब्जची एक शाखा थेट त्या कारखान्यात बसवली गेली. शाखेतले अभियंते कारखान्याच्या छपराखाली होते, पण त्यांचे वरिष्ठ बेल लॅब्जचे. कारखान्याशी जागेचा दुवा, मरे हिलशी अधिकाराचा. १९५१ मध्ये ॲलनटाऊनला ट्रान्झिस्टरचे उत्पादन सुरू झाले.

एकाच घरातली दोन मुले

हा नियम पाळला नाही तर काय होते, याचे उदाहरण झेरॉक्स कंपनीत सापडते. झेरॉक्सने १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला 'पार्क' ही प्रयोगशाळा काढली. तिथे १९७३ मध्ये आल्टो हा संगणक तयार झाला. पडद्यावर चित्रे आणि खिडक्या, हातात माऊस, शेजारच्या संगणकाशी जोडणारे इथरनेट, असे आज घरोघरी दिसणारे सारे त्याच्या अवतीभवती घडले. पण कंपनीचे कॉपियरचे अभियंते होते चार हजार किलोमीटरवर, रॉचेस्टरला. ऑफिससाठीची यंत्रे बनवणारा विभाग डॅलसला. अंतर वेगळे आणि वरिष्ठही वेगळे. झेरॉक्सने स्टार हा संगणक बाजारात आणला तोवर १९८१ उजाडले होते आणि त्याची किंमत होती १६,५९५ डॉलर. तो चालला नाही.

पण त्याच प्रयोगशाळेतला लेसर प्रिंटर मात्र यशस्वी झाला. गॅरी स्टार्कवेदर आधी रॉचेस्टरजवळच्या केंद्रात होते. तिथे त्यांच्या वरिष्ठांना ही कल्पना पटली नाही, म्हणून १९७१ मध्ये ते पार्कला आले आणि प्रिंटर तयार झाला. यंत्राचे धड मात्र झेरॉक्सच्या कॉपियरचेच होते. रॉचेस्टरच्या अभियंत्यांना त्यातला ड्रम, शाई, कागदाची वाट, सारे ओळखीचे. १९७७ मध्ये झेरॉक्स ९७०० बाजारात आला आणि त्याने कंपनीला अमाप पैसा मिळवून दिला. प्रिंटरला मोकळीकही मिळाली आणि ओळखीचा दुवाही. आल्टोला नुसती मोकळीक मिळाली.

नियमाच्या मर्यादा

बेल लॅब्जचे गुणगान करताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एटी अँड टीची टेलिफोन सेवेवर मक्तेदारी होती. संशोधनाचा खर्च अखेर ग्राहकाच्या बिलातून वसूल होई, म्हणून वीस वर्षे थांबणे परवडत होते. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन झाल्यावर ती निश्चिंती राहिली नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. शॉकलींच्या वागण्याला कंटाळून बार्डीन १९५१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात गेले. पुढे तिथे अतिवाहकतेवर काम करून त्यांनी दुसरे नोबेल मिळवले. टील १९५२ च्या अखेरीस टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गेले आणि १९५४ मध्ये त्या कंपनीने सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर विक्रीला आणला. खुद्द मॉर्टन यांनी अनेक घटक एकाच तुकड्यावर बसवण्याच्या कल्पनेकडे बराच काळ संशयाने पाहिले. इतके घटक एकदम निर्दोष निघणारच नाहीत, असा त्यांचा हिशेब. एकात्मिक मंडल उभे राहिले ते इतरत्र. उत्तम आखलेली रचनाही वरच्या माणसाच्या चुकीपासून पूर्ण संरक्षण देत नाही. ती फार तर अडलेल्या माणसाला दुसरे दार दाखवते.

पुन्हा दोनशे पावले

आमच्या कारखान्याला बेल लॅब्जइतका पैसा लागला नसता. संशोधन विभागातला एक माणूस वर्षभर फाउंड्रीच्या शेडमध्ये टेबल टाकून बसवला असता आणि त्याचा वरिष्ठ मात्र संशोधन विभागाचाच ठेवला असता, तर पुरे होते. फाउंड्रीने त्याला रोजच्या कामाला जुंपले नसते, आणि पॅटर्नमेकरांचे बोलणे चहाच्या वेळी त्याच्या कानावर पडले असते. अर्ध्या मिलिमीटरचा निकाल एका दुपारीत लागला असता.

त्या सहकाऱ्याला मी ही गोष्ट पुढे कधी तरी फोनवर सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने पॅटर्नमेकरांचे नाव विचारले. आठ महिने त्यांच्याशी पत्राने भांडूनही ते त्याला ठाऊक नव्हते.