कपाटातील चिनी भांडी

चिनी मातीची भांडी महाराष्ट्रीय घराला नवी नाहीत. लोणच्याच्या ज्या भांड्याला आपण बरणी म्हणतो, त्यालाच आमचे हिंदी भाषक शेजारी ‘मर्तबान’ म्हणतात. ब्रह्मदेशातील मर्तबान बंदरातून झिलईचे रांजण देशोदेशी जात. त्या बंदराचे नाव भांड्याला चिकटले. घरातील प्रत्येक बरणी चीनमधून आलेली असते असे मात्र नव्हे; पुष्कळशा भारतातच घडलेल्या असतात. संग्राहकांचे लक्ष असते ते लहानशा जुन्या वस्तूंवर : तपकिरीची कुपी, चहाचा पेला, झाकणाची डबी.

आम्ही राहतो ते उकवा मँगनीजच्या खाणीमुळे ओळखले जाते. या काळ्या दगडाचे चिनी झिलईशी जवळचे नाते आहे. काही चिनी भांड्यांवर दिसणारा वांगी रंग मँगनीजचाच. निळी नक्षी कोबाल्टची. परंतु तिथेही मँगनीज साक्षीला येते. चौदाव्या शतकात चिनी कारागीर इराणकडून आलेला कोबाल्ट वापरीत. त्यात मँगनीज अल्प असे. पुढे चीनमधील खनिज वापरात आले. त्यात ते भरपूर असे. या प्रमाणावरून आज शास्त्रज्ञ भांड्याच्या काळाचा अंदाज बांधतात.

सामान्य गृहस्थाने काय पाहावे? प्रथम तळ. तळावरील सहा चिनी अक्षरांत राजवंश व सम्राट यांची नावे असतात. पण तेवढ्यावर विसंबू नये. कांगशी सम्राटाच्या काळात (१६६२ ते १७२२) पूर्वीच्या मिंग सम्राटांची नावे आदरापोटी सर्रास घातली जात आणि नकला करणारे तर आजही तीच घालतात. तळावर रोमन लिपीत ‘चायना’ असे छापलेले असेल, तर ती वस्तू बहुधा १८९१ नंतरची समजावी. त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले.

गृहिणींना एक विनंती. झिलईवर काढलेली रंगीत वा सोनेरी नक्षी कमी आचेवर भाजलेली असते. चिंच आणि राख लावून घासल्यास ती उडते. अशा रंगांत शिसेही असू शकते. म्हणून जुन्या रंगीत भांड्यात लोणचे किंवा ताक ठेवू नये.

आता मुख्य गोष्ट. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. येथील मराठी घरांच्या सोयरिकी मात्र दोन्हीकडे कायम राहिल्या. आता मुले नोकरीनिमित्त दूर जातात, घरांच्या वाटण्या होतात आणि आजीच्या कपाटातील पेला भंगारवाल्याच्या टोपलीत पडतो. त्याची किंमत किती, हा प्रश्न गौण आहे. तो कुणी, कुठून, कोणत्या प्रसंगी आणला, हे सांगणारे माणूस गेले की वस्तू मुकी होते. मग ती पुन्हा बोलती करता येत नाही.

दिनकर केळकरांनी (१८९६ ते १९९०) अडकित्ते, दिवे यांसारख्या घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ साली तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने पुण्यात उभे असलेले ते संग्रहालय आपण पाहिलेच असेल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला १९२१ व १९३३ साली सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे कलासंग्रह लाभले. त्यामुळे तेथे उत्तम चिनी भांडी पाहावयास मिळतात. नजर तयार करण्यास असे दालन दहा दुकानांहून उपयोगी. खरेदी-विक्रीचा मोह झालाच, तर एवढे स्मरावे, की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही.

थोरल्यांनी एक वही करावी. वस्तूचे वर्णन, उंची, तळावरील खूण आणि ती घरात कशी आली ही हकीकत चार ओळींत लिहावी, छायाचित्र जोडावे. वाटणीच्या दिवशी पेला ज्याच्या वाट्याला जाईल, त्याच्या हाती वहीचे ते पानही द्यावे.