तळ्याच्या तळचे पाणी का बिघडते?

उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाची जोरदार सर येऊन गेली, की दुसऱ्या दिवशी पहाटे गावतळ्यातील कटला, रोहू हे मासे पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकताना दिसतात व कित्येकदा मरून तरंगतात. कोणी विष कालविले, असा संशय गावात घेतला जातो. परंतु पुष्कळदा खरे कारण तळ्याच्या तळाशीच असते.

२८ अंश सेंटिग्रेड तपमानाच्या स्वच्छ पाण्यात दर लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. उन्हाने वरचे पाणी तापून हलके होते व खालच्या थंड पाण्यावर थर धरून राहते. त्यामुळे हवेतील प्राणवायू तळापर्यंत पोहोचत नाही. तळाशी मात्र पालापाचोळा, शेण व मेलेले शेवाळ कुजतच असते, आणि तेथील प्राणवायू संपून जातो.

मग कुजण्याची क्रिया अर्धवट राहते. एरवी कर्बवायू होऊन निघून जाणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचा काही भाग आम्लांच्या रूपाने पाण्यात विरघळून राहतो. शिवाय गाळातील लोहाच्या तांबूस गंजाने सेंद्रिय द्रव्य व स्फुरद धरून ठेवलेले असते. प्राणवायूच्या अभावी जीवाणू हा गंज विरघळवितात. पकड सुटते व धरलेले द्रव्य पाण्यात उतरते. पाणी पिंगट होते, त्यास सडक्या अंड्यासारखा वास येतो. पाणी साचलेल्या भातखाचरात दिसणारा काळा चिखल व तांबूस तवंग याच क्रियेची खूण होय.

पावसाने वा वाऱ्याने थर मिसळले, की हे द्रव्य व लोह वरचा प्राणवायू झपाट्याने खाऊन टाकतात आणि मासे गुदमरतात. सुटलेल्या स्फुरदावर नवे शेवाळ माजते. ते मरून पुन्हा तळाशी जाते. असे पाणी पिण्यासाठी घेतल्यास टी.सी.एल. पावडरीचा बराच अंश या द्रव्यावरच खर्ची पडतो व रोगजंतू जिवंत राहू शकतात.

यावर पुढील उपाय योजावेत :

१. उकिरडा, शेण व उसाचे पाचट यांचा निचरा तळ्यात होऊ देऊ नये.

२. तळे आटताच गाळ काढून हलक्या जमिनीत पसरावा.

३. मासे धापा टाकू लागताच खाद्य व शेणखत बंद करावे. पंपाने वरच्या थरातील पाणी उंच उडवून तळ्यातच पाडावे. तळ ढवळू नये.

४. पिण्याचे पाणी तळाजवळून उपसू नये. पावडर टाकल्यावर अर्ध्या तासाने क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे ग्रामसेवकांनी तपासून घ्यावे.

तळ स्वच्छ राहिला, तरच वरचे पाणी निर्मळ राहील.